ऊष्मागतिकी आणि विद्युत रसायनशास्त्र : नेहमी अडणारे प्रश्न कसे सोडवावेत

कोल्हापुरात बारावीच्या आणि बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना भौतिक रसायनशास्त्र शिकवताना दरवर्षी जवळजवळ तेच प्रश्न पुढे येतात. कार्याचे चिन्ह धन घ्यायचे की ऋण, एन्थाल्पी आणि आंतरिक ऊर्जा यांत नेमका फरक काय, उष्णता शोषून घेणारी अभिक्रिया आपोआप कशी घडते, अॅनोड धन असतो की ऋण, अर्धअभिक्रियेला दोनने गुणले तरी विभव तेवढेच का राहते, असे हे प्रश्न असतात. पुस्तकात ऊष्मागतिकी आणि विद्युत रसायनशास्त्र ही दोन स्वतंत्र प्रकरणे असतात, परीक्षेत त्यांवर स्वतंत्र प्रश्न येतात, आणि त्यामुळे विद्यार्थीही त्यांचा अभ्यास दोन वेगळ्या विषयांसारखा करतात. अडचणीचे मूळ येथेच आहे, असे माझे ठाम मत आहे. घटाचा ईएमएफ (विद्युतगामक बल, म्हणजे प्रवाह वाहत नसताना घटाच्या दोन टोकांमधला विभवाचा फरक) म्हणजे गिब्स मुक्त ऊर्जेतील (स्थिर तापमान आणि दाबाला उपयोगी कार्यासाठी मिळू शकणाऱ्या ऊर्जेतील) बदलच असून तो फक्त व्होल्टमध्ये वाचलेला असतो. हे एकदा मनात पक्के बसले की दुसऱ्या प्रकरणातले निम्मे प्रश्न पहिल्या प्रकरणातच सुटलेले असतात. म्हणून पुढील सगळे प्रश्न मी त्याच वाटेने सोडवून दाखवणार आहे.

सूत्राआधी प्रणाली

गणित हाती आले की सूत्र आठवण्याची घाई होते. त्याऐवजी कागदावर पहिले वाक्य ‘माझी प्रणाली अमुक आहे’ असे लिहावे. ऊस गाळपाच्या हंगामात करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातल्या गुऱ्हाळावर हे नीट पाहता येते. काहिलीत उकळणारा रस ही प्रणाली मानली तर चुलवाणातल्या चिपाडाच्या जाळातून येणारी उष्णता प्रणालीला मिळते, म्हणून तिचे चिन्ह धन. परंतु वाफ काहिलीतून निघून जात असते, म्हणजे द्रव्यही सीमा ओलांडते. त्यामुळे ही खुली प्रणाली ठरते, आणि ‘आंतरिक ऊर्जेतील बदल = उष्णता + कार्य’ हे बंद प्रणालीचे समीकरण एकट्या रसाला जसेच्या तसे लावता येत नाही. रस आणि त्यातून निघालेली सगळी वाफ मिळून प्रणाली धरली, तर तेच समीकरण पुन्हा लागू होते.

याच काहिलीवरून अप्रकट उष्णतेचे माप लक्षात राहते. एक किलो पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत आणायला साधारण ३०५ किलोज्यूल लागतात, तर तेच पाणी वाफ करून घालवायला सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात, म्हणजे सातपटीहून अधिक. रसाला उकळी लवकर फुटते आणि पाक येईपर्यंत मात्र चुलवाण तासन्‌तास पेटते ठेवावे लागते, याचे कारण हेच आहे.

आता कार्याच्या चिन्हाविषयी. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत प्रणालीवर झालेले कार्य धन मानतात आणि समीकरण ‘डेल्टा यू = क्यू + डब्ल्यू’ असे लिहितात. अभियांत्रिकीच्या आणि काही जुन्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत प्रणालीने केलेले कार्य धन मानतात आणि तेथे ‘डेल्टा यू = क्यू − डब्ल्यू’ असते. दोन्ही बरोबर आहेत, मात्र एकाच उत्तरात दोन्हींची सरमिसळ झाली की उत्तर चुकलेच. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेल्या मोठ्या भावाची किंवा ताईची वही घेऊन अभ्यास करणाऱ्यांनी हे विशेष सांभाळावे. स्वतःची पडताळणी करण्यासाठी एक साधा निकष पुरतो. वायू प्रसरण पावत असेल तर रसायनशास्त्राच्या पद्धतीत कार्याचे मूल्य ऋणच आले पाहिजे.

एन्थाल्पी की आंतरिक ऊर्जा?

बंद पोलादी भांड्यात, म्हणजे बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये, पदार्थ जाळला तर आकारमान बदलत नाही आणि मोजलेली उष्णता ही आंतरिक ऊर्जेतील बदल असते. उघड्या भांड्यात दाब स्थिर राहतो आणि मोजलेली उष्णता ही एन्थाल्पीतील बदल असते. या दोहोंतील फरक ‘डेल्टा एन × आर × टी’ एवढा, आणि येथे डेल्टा एन म्हणजे फक्त वायूंच्या मोलसंख्येतील बदल, आर म्हणजे वायू स्थिरांक आणि टी म्हणजे केल्व्हिनमधील तापमान.

आपल्या भागात साखर कारखान्यांमुळे इथेनॉल सर्वांच्या परिचयाचे आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. एक मोल द्रव इथेनॉल तीन मोल ऑक्सिजनमध्ये जळून दोन मोल कार्बन डायऑक्साइड आणि तीन मोल द्रव पाणी तयार होते. प्रमाण एन्थाल्पी बदल −१,३६७ किलोज्यूल आहे. वायू उजवीकडे दोन मोल, डावीकडे तीन, म्हणून डेल्टा एन −१. २९८ केल्व्हिनला आर × टी = २.४८ किलोज्यूल. डेल्टा यू = −१,३६७ + २.४८, म्हणजे सुमारे −१,३६४.५ किलोज्यूल. यात चुका दोनच ठिकाणी होतात. पाणी द्रव आहे हे न पाहता त्याचे तीन मोल वायूंत मोजले जातात, किंवा आर ज्यूलमध्ये ठेवून उरलेले सगळे किलोज्यूलमध्ये लिहिले जाते.

प्रतिवर्ती आणि अप्रतिवर्ती : हे गणित एकदा पूर्ण करून पाहावे

एन्ट्रॉपी, म्हणजे ऊर्जा किती विखुरली आहे याचे माप, हिच्याविषयीचा गोंधळ व्याख्या पाठ करून जात नाही. एकच गणित तीन वाटांनी केले की तो जातो, म्हणून येथे मी जरा अधिक थांबतो.

एक मोल आदर्श वायू ३०० केल्व्हिन तापमानाला १० लिटरवरून २० लिटरपर्यंत समतापी रीतीने प्रसरण पावतो असे समजा. पहिली वाट प्रतिवर्ती आहे. बाहेरचा दाब प्रत्येक क्षणी आतल्या दाबापेक्षा किंचितच कमी ठेवत नेला, तर कार्य = −आर × टी × २ चा नैसर्गिक लॉगरिदम, म्हणजे −८.३१४ × ३०० × ०.६९३, साधारण −१,७२९ ज्यूल. दुसऱ्या वाटेने बाहेरचा दाब एकदम शेवटच्या दाबाएवढा करून टाकला, तर कार्य = −आर × टी ÷ २, म्हणजे −१,२४७ ज्यूल. तिसरी वाट निर्वातात प्रसरण पावण्याची आहे. तेथे बाहेर दाबच नाही, म्हणून कार्य शून्य.

तापमान स्थिर आणि वायू आदर्श असल्याने तिन्ही वाटांत आंतरिक ऊर्जेतील बदल शून्य आहे. म्हणून शोषलेली उष्णता अनुक्रमे १,७२९, १,२४७ आणि शून्य ज्यूल. आता वायूच्या एन्ट्रॉपीतील बदल किती? बहुतेक विद्यार्थी येथे प्रत्येक वाटेची उष्णता ३०० ने भागतात आणि तीन वेगवेगळी उत्तरे आणतात. एन्ट्रॉपी हे अवस्था-फलन आहे. आरंभ आणि शेवट तेच असतील तर तिच्यातील बदलही तोच असणार, आणि तो काढताना नेहमी प्रतिवर्ती वाटेवरचीच उष्णता घ्यावी लागते. म्हणून तिन्ही वाटांत वायूच्या एन्ट्रॉपीतील बदल १,७२९ ÷ ३००, म्हणजे ५.७६ ज्यूल प्रति केल्व्हिन आहे.

फरक पडतो तो भोवतालात. भोवतालाने प्रत्यक्षात जेवढी उष्णता दिली तेवढीच तेथे मोजायची. पहिल्या वाटेत भोवतालाचा बदल −५.७६, म्हणून एकूण शून्य. दुसऱ्या वाटेत −४.१६, म्हणून एकूण १.६० च्या आसपास. तिसऱ्या वाटेत भोवतालाने काहीच दिले नाही, म्हणून एकूण ५.७६. दुसरा नियम जे सांगतो ते या तीन आकड्यांत दिसते. प्रतिवर्ती बदलात एकूण एन्ट्रॉपी वाढत नाही, प्रत्यक्ष बदलात वाढते, आणि काम करून घेण्याची संधी जितकी वाया जाते तितकी ती अधिक वाढते. दुसऱ्या वाटेत वाया गेलेले कार्य १,७२९ − १,२४७ = ४८२ ज्यूल आहे, आणि एकूण एन्ट्रॉपी वाढीला ३०० ने गुणले तर हाच आकडा मिळतो. ही पडताळणी स्वतःच्या हाताने करावी.

थंड होणारी अभिक्रिया आपोआप का घडते?

परीक्षानळीत पाणी घेऊन नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, विरघळवला तर नळी हाताला गार लागते. उष्णता शोषली जात आहे आणि तरी क्षार आपोआप विरघळतो आहे. ‘उष्णता बाहेर पडते तीच अभिक्रिया उत्स्फूर्त’ ही समजूत येथे कोसळते. स्थिर तापमान आणि दाबाला निर्णय डेल्टा जी, म्हणजे गिब्स मुक्त ऊर्जेतील बदल, करते, आणि डेल्टा जी = डेल्टा एच (एन्थाल्पीतील बदल) − टी × डेल्टा एस (एन्ट्रॉपीतील बदल). विरघळताना स्फटिकातील आयन मोकळे होतात, एन्ट्रॉपीचे पद मोठे होते आणि डेल्टा जी ऋण होते.

या सूत्रात गुण जातात ते एककांमुळे. एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये आणि एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये छापलेली असते. बर्फ वितळण्याची एन्थाल्पी ६.०१ किलोज्यूल प्रति मोल आणि एन्ट्रॉपी २२.० ज्यूल प्रति केल्व्हिन प्रति मोल आहे. ६,०१० ÷ २२.० केले की २७३ केल्व्हिन मिळते. एकक न बदलता भागाकार केला तर बर्फ ०.२७ केल्व्हिनला वितळतो असे उत्तर येते, आणि असे उत्तर लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळणारे विद्यार्थी थोडे नाहीत. मिळालेले तापमान शक्य कोटीतले आहे का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

डेल्टा जी आणि प्रमाण डेल्टा जी ही दोन वेगळी माणसे आहेत असे समजून वागावे. समतोलाला शून्य होते ती डेल्टा जी. प्रमाण डेल्टा जी त्या अभिक्रियेसाठी, त्या तापमानाला ठरलेली संख्या असते आणि ती समतोल स्थिरांकाशी जोडलेली असते: प्रमाण डेल्टा जी = −आर × टी × के चा नैसर्गिक लॉगरिदम. २५ अंशांना एक सोयीचा आकडा पाठ ठेवावा. समतोल स्थिरांक दहापट बदलला की प्रमाण डेल्टा जी ५.७१ किलोज्यूलने बदलते. त्यामुळे प्रमाण डेल्टा जी +५.७१ असली तर के ०.१ आहे, म्हणजे अभिक्रिया ‘होतच नाही’ असे नसून उत्पादिते कमी प्रमाणात तयार होऊन समतोल साधला जातो. धन चिन्ह दिसताच ‘अभिक्रिया अशक्य’ असे लिहिणे ही फार मोठी चूक आहे.

कोल्हापुरात पाणी किती अंशांना उकळते?

प्रयोगशाळेत तापमापी तपासताना उकळत्या पाण्यात तो ९८ अंश दाखवतो आणि विद्यार्थी तापमापीला दोष देतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि येथे हवेचा दाब १०१.३ ऐवजी साधारण ९५ किलोपास्कल असतो. द्रव आणि वाफ समतोलात असताना त्या बदलाची डेल्टा जी शून्य असते, आणि दाब बदलल्यावर ती कोणत्या तापमानाला पुन्हा शून्य होईल हे क्लॉसियस-क्लॅपेरॉन समीकरण सांगते.

गणित असे मांडावे. १०१.३ ÷ ९५.१ चा नैसर्गिक लॉगरिदम ०.०६३. बाष्पीभवनाची मोलर एन्थाल्पी ४०,६५० ज्यूल, म्हणून आर ÷ डेल्टा एच = ०.०००२०४५. या दोहोंचा गुणाकार ०.००००१२९. तो १ ÷ ३७३.१५ मध्ये, म्हणजे ०.००२६७९९ मध्ये, मिळवला की ०.००२६९२८ येते आणि त्याचा व्यस्त साधारण ३७१.४ केल्व्हिन, म्हणजे ९८.२ अंश सेल्सिअस. तापमापी बरोबर आहे. येथे तापमान केल्व्हिनमध्येच घ्यावे आणि व्यस्त संख्येचे दशांश शेवटपर्यंत जपावेत. मधेच आकडे पूर्णांकित केले तर उत्तर काही अंशांनी हलू शकते.

गुऱ्हाळात रसाचे तापमान मात्र ९८ वर थांबत नाही. पाणी कमी होईल तसा साखरेचा अंश वाढतो, उत्कलनबिंदू चढत जातो आणि गुळव्या काहील उतरवतो तेव्हा तो साधारण ११८ अंशांच्या आसपास असतो. उत्कलनबिंदू वाढीचे ‘०.५१२ × मोलॅलिटी’ हे सूत्र विरल द्रावणांपुरतेच खरे असल्यामुळे या दाट पाकाला ते लावू नये.

अॅनोड धन की ऋण?

येथून विद्युत रसायनशास्त्र सुरू होते आणि पहिलाच प्रश्न चिन्हाचा येतो. व्याख्या एकच धरावी. ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणे) जेथे होते तो अॅनोड आणि क्षपण (इलेक्ट्रॉन मिळवणे) जेथे होते तो कॅथोड. ही व्याख्या कोणत्याही घटात बदलत नाही, मात्र चिन्ह घटाच्या प्रकारानुसार बदलते. विद्युत देणाऱ्या घटात डेल्टा जी ऋण असते, अभिक्रिया आपोआप चालते, अॅनोडवर सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेत ढकलले जातात आणि म्हणून अॅनोड ऋण असतो. विद्युत अपघटनात डेल्टा जी धन असते, बाहेरचा स्रोत अभिक्रिया बळाने घडवतो, तो अॅनोडवरून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि म्हणून अॅनोड धन असतो.

हुपरीच्या चांदीकामामुळे चांदीच्या मुलाम्याचे उदाहरण इकडच्या मुलांना जवळचे वाटते. ज्या वस्तूवर चांदी चढवायची ती स्रोताच्या ऋण टोकाला जोडतात, कारण चांदीच्या आयनांचे क्षपण तेथे व्हायचे आहे, म्हणून ती कॅथोड. शुद्ध चांदीची पट्टी धन टोकाला जोडतात आणि ती झिजत जाते, म्हणून ती अॅनोड. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला तर ३,६०० कूलोम विद्युतभार जातो. त्याला ९६,४८५ ने भागले की ०.०३७३ मोल इलेक्ट्रॉन, आणि चांदीच्या आयनाला एकच इलेक्ट्रॉन लागत असल्याने तेवढेच मोल चांदी, म्हणजे ४.०२ ग्रॅम. तेवढ्याच विद्युतभाराने तांबे मात्र १.१९ ग्रॅमच बसते, कारण तांब्याच्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात. फॅरेडेच्या नियमांवरील जवळजवळ प्रत्येक गणित याच तीन पायऱ्यांचे असते: कूलोम, मग इलेक्ट्रॉनांचे मोल, मग पदार्थाचे मोल. मधली पायरी गाळून तयार सूत्रात आकडे भरणाऱ्यांचीच संयुजेच्या बाबतीत चूक होते. चांदीच्या मुलाम्याचे पारंपरिक द्रावण सायनाइडयुक्त आणि अत्यंत विषारी असते, त्यामुळे हा प्रयोग घरी करून पाहू नये.

विभवांची बेरीज कधी करावी आणि कधी करू नये

तांब्याचे प्रमाण क्षपण विभव ०.३४ व्होल्ट. समीकरण दोनने गुणले तरी ते ०.३४ च राहते. कारण विचारले तर ‘ते तीव्रताधर्मी आहे’ असे पाठ केलेले उत्तर मिळते, पण त्याने समज वाढत नाही. डेल्टा जी = −एन × एफ × ई हे सूत्र समोर ठेवावे; येथे एन म्हणजे इलेक्ट्रॉनांचे मोल, एफ म्हणजे एका मोल इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार (९६,४८५ कूलोम) आणि ई म्हणजे विभव. समीकरण दुप्पट केले की डेल्टा जी दुप्पट होते आणि इलेक्ट्रॉनांची संख्या एनही दुप्पट होते. दोहोंचा भागाकार, म्हणजे ई, आहे तेवढाच राहतो.

याची खरी कसोटी लोखंडाच्या उदाहरणात लागते, आणि हे उदाहरण प्रत्येकाने सोडवावे असा माझा आग्रह असतो. फेरिक आयनाचे फेरस आयनात क्षपण होताना प्रमाण विभव ०.७७ व्होल्ट आणि फेरस आयनाचे लोखंडात क्षपण होताना −०.४४ व्होल्ट आहे. फेरिक आयनापासून थेट लोखंड होताना विभव किती? दोन आकड्यांची बेरीज करून ०.३३ लिहिणारे पुष्कळ असतात आणि ते उत्तर चूक आहे. विभवे बेरजेची नाहीत, डेल्टा जी बेरजेची आहे. पहिल्या पायरीत एक इलेक्ट्रॉन, म्हणून डेल्टा जी = −०.७७ एफ. दुसरीत दोन, म्हणून +०.८८ एफ. बेरीज +०.११ एफ. एकूण इलेक्ट्रॉन तीन, म्हणून ई = −०.११ ÷ ३, म्हणजे −०.०४ व्होल्टच्या आसपास. चिन्हसुद्धा बदलले.

मग पूर्ण घटाचा ईएमएफ काढताना आपण कॅथोडच्या विभवातून अॅनोडचे विभव सरळ वजा कसे करतो? तेथे दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रॉन समान असतात आणि अंतिम समीकरणात उरतच नाहीत, म्हणून एन सामाईक राहून उडून जातो. अंतिम समीकरणात इलेक्ट्रॉन उरत असतील तर डेल्टा जीच्या वाटेने जावे, उरत नसतील तर सरळ वजाबाकी करावी. एवढा नियम पाळला की या प्रकारात चूक होत नाही.

नर्न्स्ट समीकरण वापरताना

डॅनियल घटात जस्ताचे विभव −०.७६ आणि तांब्याचे ०.३४, म्हणून प्रमाण ईएमएफ १.१० व्होल्ट. जस्त आयन १ मोलर आणि तांबे आयन ०.००१ मोलर असतील तर अभिक्रिया भागाकार क्यू (उत्पादितांची सांद्रता भागिले अभिक्रियाकारकांची; हा उष्णतेचा क्यू नव्हे) १,००० होतो. ई = १.१० − (०.०५९२ ÷ २) × ३, म्हणजे १.०१ व्होल्ट. सांद्रता हजारपट कमी करूनही ईएमएफ जेमतेम ०.०९ व्होल्टने उतरला, हे लक्षात ठेवावे. उत्तर त्याहून फार वेगळे आले तर क्यू उलटा लिहिला गेला असण्याची शक्यता दाट असते. घन धातू क्यूमध्ये लिहायचे नसतात आणि आयनांचे गुणांक घातांक होतात.

नर्न्स्ट समीकरण वेगळे पाठ करण्याची गरज नाही. ‘डेल्टा जी = प्रमाण डेल्टा जी + आर × टी × क्यू चा नैसर्गिक लॉगरिदम’ हे ऊष्मागतिकीतले समीकरण −एन × एफ ने भागले की तेच मिळते. ०.०५९२ हा आकडा फक्त २५ अंशांसाठी आहे. ३० अंशांना तो ०.०६०१ होतो, आणि तापमान दिलेल्या प्रश्नात तो पुन्हा काढावा लागतो. घट पूर्ण उतरला की ई शून्य होतो आणि क्यू हाच के होतो. डॅनियल घटासाठी लॉग के = २ × १.१० ÷ ०.०५९२, म्हणजे साधारण ३७. घट उतरला म्हणजे प्रमाण ईएमएफ शून्य झाला असे मात्र लिहू नये, तो १.१० च असतो.

प्रयोगशाळेत ईएमएफ पुस्तकापेक्षा कमी येण्याची कारणे बहुधा साधी असतात. मोजताना घटातून प्रवाह वाहू लागला तर अंतर्गत रोधामुळे वाचन उतरते, म्हणून पोटेन्शिओमीटर किंवा उच्च रोधाचा डिजिटल मीटर वापरावा. जस्ताची पट्टी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावी. क्षारसेतूत पोटॅशियम क्लोराइड वापरतात, कारण पोटॅशियम आणि क्लोराइड आयनांचा वेग जवळजवळ सारखा असतो आणि द्रावणांच्या सीमेवर निर्माण होणारे विभव त्यामुळे नगण्य राहते. चांदीचा इलेक्ट्रोड सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवलेला असेल तर मात्र हाच सेतू अडचण करतो. सिल्व्हर क्लोराइडचा साका बसतो आणि वाचन स्थिर होत नाही. तेथे पोटॅशियम नायट्रेटचा किंवा अमोनियम नायट्रेटचा सेतू घ्यावा.

वाहकता : विरल केल्यावर कमी होते की वाढते?

दोन्ही. एक सेंटिमीटर बाजूच्या घनात किती आयन आहेत यावर वाहकता अवलंबून असते, म्हणून पाणी घातले की ती घटते. मोलर वाहकता एका मोल पदार्थाची असते, आणि विरल द्रावणात आयनांमधली ओढाताण कमी होत असल्यामुळे, किंवा दुर्बल विद्युत अपघटनीच्या बाबतीत अधिक रेणूंचे विचरण होत असल्यामुळे, ती वाढते.

अॅसिटिक आम्लाची मर्यादी मोलर वाहकता आलेख वाढवून काढता येत नाही, कारण विरल टोकाला वक्र उभाच चढत जातो. येथे कोलराउशचा नियम उपयोगी पडतो. हायड्रोक्लोरिक आम्ल ४२६.०, सोडियम अॅसिटेट ९१.० आणि सोडियम क्लोराइड १२६.४ ही मूल्ये (सीमेन्स सेंटिमीटर-वर्ग प्रति मोल) घेऊन पहिल्या दोहोंच्या बेरजेतून तिसरे वजा केले की ३९०.६ मिळते. ०.०१ मोलर आम्लाची मोलर वाहकता सुमारे १६.३ असते, म्हणून विचरणाचे प्रमाण ०.०४२, आणि त्यावरून विचरण स्थिरांक १.८ × १० चा −५ वा घात येतो.

प्रयोग करताना घट स्थिरांक ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडने ठरवावा. २५ अंशांना त्याची वाहकता १,४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. तापमान एका अंशाने वाढले की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते, त्यामुळे उन्हाळ्यात ३४ अंशांच्या खोलीत घेतलेले वाचन २५ अंशांच्या तक्त्याशी ताडून पाहणे व्यर्थ आहे. पाणतापकात द्रावण ठेवावे किंवा तापमानाची दुरुस्ती करावी.

डेल्टा जी सांगते, पण किती वेगाने ते सांगत नाही

मोटारीच्या लेड-अॅसिड बॅटरीतील प्रत्येक घटाचा ईएमएफ सुमारे २.०५ व्होल्ट असतो आणि असे सहा घट मिळून १२ व्होल्ट होतात. पाण्याचे अपघटन १.२३ व्होल्टला शक्य आहे. मग बॅटरीतले पाणी स्वतःच फुटून का जात नाही? शिसे आणि लेड डायऑक्साइड यांच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटण्याची क्रिया फार मंद असते आणि ती वेगाने चालण्यासाठी जादा विभव, म्हणजे ओव्हरपोटेन्शियल, लागते. चार्जिंगच्या अखेरीस विभव वाढते तेव्हा हे वायू सुटतातच, आणि म्हणूनच जुन्या पद्धतीच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. मिठाच्या संहत द्रावणाच्या अपघटनात १.२३ व्होल्टचा ऑक्सिजन न सुटता १.३६ व्होल्टचा क्लोरिन सुटतो, त्याचेही कारण ऑक्सिजनचे ओव्हरपोटेन्शियल हेच आहे. उत्तरात दोन्ही बाजू लिहाव्यात: ऊष्मागतिकीप्रमाणे काय शक्य आहे, आणि वेगामुळे प्रत्यक्षात काय घडते.

ईएमएफवरून एन्ट्रॉपी

शेवटचा प्रकार दोन्ही प्रकरणे एकत्र आणणारा आहे आणि बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना तोच जड जातो. डेल्टा एस = एन × एफ × (ईएमएफचा तापमानानुसार बदलण्याचा दर). म्हणजे व्होल्टमीटर आणि तापमापी एवढ्यावर एन्ट्रॉपी मोजता येते, कॅलरीमीटरची गरज पडत नाही.

हायड्रोजन-ऑक्सिजन इंधन घट घेऊ. एक मोल द्रव पाणी तयार होताना २५ अंशांना प्रमाण डेल्टा एच −२८५.८ किलोज्यूल आणि प्रमाण डेल्टा जी −२३७.१ किलोज्यूल आहे. एन = २, म्हणून ईएमएफ २,३७,१०० ÷ १,९२,९७०, म्हणजे १.२३ व्होल्ट. दोहोंतील फरक −४८.७ किलोज्यूल, त्याला २९८ ने भागले की डेल्टा एस −१६३ ज्यूल प्रति केल्व्हिन. दीड मोल वायूपासून द्रव तयार होत असल्यामुळे चिन्ह ऋण येणे योग्यच आहे. यावरून ईएमएफ प्रत्येक अंशामागे ०.८५ मिलिव्होल्टने घटतो. घट आदर्श रीतीने चालला तरी २८५.८ पैकी २३७.१ किलोज्यूल, म्हणजे ८३ टक्के, एवढेच विद्युत कार्य मिळते आणि उरलेले ४८.७ किलोज्यूल उष्णता म्हणून बाहेर पडतात. हेच गणित पाण्याऐवजी वाफ तयार होते असे मानून, डेल्टा एच −२४१.८ आणि डेल्टा जी −२२८.६ घेऊन, स्वतः करावे. डेल्टा एसचे मूल्य −४४ च्या आसपास आणि ईएमएफ १.१८ व्होल्ट आला तर मांडणी बरोबर झाली असे समजावे.